बेचाळीस सुपं आणि सोळा नावं

चतुराबाई सुरडकर यांच्या चंचीत अकरा दिवस एक घडी घातलेला कागद होता. सुपारी, कात आणि चुन्याच्या डबीच्या खाली. कागदावर पेन्सिलीने लिहिलेली सोळा नावे होती. पुढच्या हंगामात कामावर राहणाऱ्या बायकांची ती यादी. कामावर एकूण बायका बेचाळीस. त्यांपैकी एकीलाही या कागदाची कल्पना नव्हती.

एप्रिल १९९६. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतला बियाण्यांचा एक प्लॅंट. आंध्रातून आणि विदर्भातून संकरित कपाशीच्या बियाण्याला मागणी होती आणि मे संपायच्या आत सगळा माल दुकानांत पोचवायचा होता. चतुराबाई तिथे निवडणीच्या मुकादम होत्या.

त्या मूळच्या भोकरदन तालुक्यातल्या धावड्याच्या. शिक्षण चौथीपर्यंत. नवरा रखमाजी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचा. १९८० साली पाठीवर पोतं घेऊन उतरताना त्याचा पाय फळीवरून घसरला आणि त्यानंतर त्याला वजन उचलता आले नाही. पुढच्या वर्षी चतुराबाई या प्लॅंटमध्ये निवडणीला लागल्या. त्या वेळी प्लॅंट म्हणजे पत्र्याच्या दोन शेड होत्या. त्याच आठवड्यात लागलेली दुसरी बाई गोपिकाबाई. दोघी शेजारी बसत आणि डबा एकत्र सोडत.

१९८६ मध्ये ज्वारीच्या बियाण्याचा एक लॉट भेसळ निघाली म्हणून परत आला. तेव्हाच्या मॅनेजरने निवडणीच्या चौदा बायकांची हजेरी कापायची ठरवली. चतुराबाई गोदामात गेल्या, परत आलेली पोती एकेक उघडून पाहिली आणि दाखवून दिले की भेसळ फक्त तोंड दुसऱ्या सुतळीने शिवलेल्या पोत्यांत आहे. म्हणजे घोटाळा निवडणीत नव्हता, भरणीत होता. हजेरी कापली गेली नाही. महिनाभराने त्यांना मुकादम केले गेले. मुकादमाला हंगामभर आठवड्याचे सहाही दिवस काम असे आणि निवडणीच्या बाईपेक्षा थोडी जास्त हजेरी.

निवडणीचे काम दिसायला सोपे आहे. ताडपत्रीवर रांगेने बसायचे, सुपात सरकी घ्यायची, पाखडायची, फुटका, पोचट आणि तांबडा दाणा बाजूला काढायचा. काळा, भरलेला दाणा राहतो. तो पुढे औषध लावायला जातो. तांबडा दाणा म्हणजे न पिकलेला. काळ्या-तांबड्यातला फरक उन्हात कळतो, शेडमध्ये कळायला पंधरा दिवस जातात.

कंपनीने सुरुवातीला पत्र्याची सुपे आणली होती. ती बायकांनी वापरली नाहीत. प्रत्येकीने घरून आपले बांबूचे सूप आणले. कागदाचा लगदा आणि मेथीच्या पिठाने सारवलेले, कडेला ओळखीसाठी रंगीत चिंधी बांधलेले. संध्याकाळी ही सुपे शेडच्या उत्तरेकडच्या भिंतीवर खिळ्यांना टांगली जात. हंगाम संपला तरी ती तिथेच राहत. कुणालाही नेमणुकीचे पत्र नव्हते. भिंतीवर सूप आहे म्हणजे पुढच्या फेब्रुवारीत बोलावणे आहे, एवढाच करार. एखादीला काढायचे असेल तर मुकादम तिचे सूप तिच्या घरी पोचवी. पंधरा वर्षांत असे तीनदाच झाले होते. चतुराबाईंचे स्वतःचे सूप भिंतीवर नव्हते. मुकादम झाल्यापासून ते सामानाच्या खोलीत, हजेरीच्या वहीजवळ असे.

अकरा एप्रिलला, गुरुवारी, मॅनेजर त्रिंबकराव यांनी त्यांना ऑफिसात बोलावले. त्रिंबकराव तीर्थपुरीचे. शेतकी पदवी घेतलेले, दोन वर्षांपूर्वी इथे रुजू झालेले. माणूस आरडाओरडा करणारा नव्हता.

“बसा चतुराबाई. ग्रॅव्हिटी मशीन येतंय. पुढच्या हंगामापासून चालू.”

“निवडणीचं?”

“खालून हवा, वर हालता टेबल. जड दाणा एकीकडं, हलका एकीकडं. बेचाळीस जणी दिवसभरात करतात ते अडीच तासात. शेठ म्हणत होते बारा बाया ठेवा. मी सोळा सांगितल्या. सोळा नावं मला तुमच्याकडून पाहिजेत. महिनाअखेरीला द्या. आणि एक. शेवटचा ट्रक जाईपर्यंत हे इथंच राहिलं पाहिजे. बाहेर गेलं तर काम थांबेल, काम थांबलं तर माल पडून राहील, आणि मग शेठ सोळाही ठेवणार नाहीत. सगळं ठेकेदाराला देतील.”

“आन् सव्वीस जणींला कधी सांगायचं?”

“मेच्या शेवटी. हिशेब करताना.”

तोपर्यंत दुसऱ्या ठिकाणची कामे भरलेली असतात, हे दोघांनाही माहीत होते. मृगाच्या तोंडावर सुटलेल्या बाईला कापसाच्या जिनिंगमध्ये काम नाही आणि दुसऱ्या प्लॅंटमध्येही नाही. आधी कळले तर ती कुठेतरी शब्द टाकू शकते. चतुराबाईंनी हे बोलून दाखवले नाही. “बराबर हाय साहेब,” म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

त्या दिवसापासून त्या शेडमध्ये रांगांमधून फिरत तेव्हा हात बघत. कोण किती जलद, कुणाच्या सुपात तांबडा दाणा राहतो. पहिले नाव लिहायला त्यांना वेळ लागला नाही. गोपिकाबाई. तिच्याइतका जलद हात शेडमध्ये कुणाचा नव्हता. पुढची आठ-नऊ नावेही झाली. त्यानंतर पेन्सिल अडली. सोनूबाईची नजर कमी झाली होती, पण घरी ती आणि सून, दुसरे कमावणारे नव्हते. तुळजाबाई जलद होती, पण महिन्यातून चार दिवस दांडी. त्यांनी नावे लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. शेवटी सोळा झाली. सोनूबाई त्यात नव्हती.

याच दिवसांत त्यांनी आणखी एक गोष्ट केली. वसाहतीतल्या दुसऱ्या एका प्लॅंटमध्ये असे मशीन वर्षभरापूर्वी बसले होते. त्यावर बद्रीनाथ नावाचा ऑपरेटर होता, धावड्याचा, नात्यातला. मशीन खरोखर काय करते आणि काय करत नाही, हे त्यांना त्याच्याकडून ऐकायचे होते. त्याने सोमवारी, बावीस तारखेला, सकाळी साडेसातला या म्हणून सांगितले. त्याची पाळी तेव्हा सुरू होत होती.

वीस तारखेला, शनिवारी, आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया होती. गावाकडे पुष्कळ ठिकाणी सालगड्याचे साल आखितीला संपते. मालकाला गडी नको असेल तर तो बोलत नाही. त्याचे घोंगडे आणि विळा गोठ्यातून काढून दारापाशी ठेवतो. गडी समजतो. त्या शेडमधल्या बहुतेक बायकांच्या घरात कुणी ना कुणी साल घातलेले होते. त्रिंबकरावांना हे ठाऊक असायला हरकत नव्हती, पण त्या वेळी त्यांच्या डोक्यात विजेचे काम होते.

रविवारी प्लॅंट बंद होता. मशीनसाठी उत्तरेच्या भिंतीवर विजेचे पॅनल बसणार होते आणि कंत्राटदाराची माणसे सोमवारी भिंत फोडायला येणार होती. त्रिंबकरावांनी वॉचमन पुंजारामला निरोप दिला: भिंत मोकळी करून ठेव, बायकांची सुपे धुळीने खराब होऊ देऊ नको. पुंजारामने काम नीट केले. सहा-सहा सुपांचे गठ्ठे सुतळीने बांधले आणि ते सातही गठ्ठे गेटच्या बाहेर, आपल्या केबिनच्या सावलीत रचून ठेवले.

सोमवारी सकाळी आठला बायका आल्या आणि गेटवर थांबल्या.

तुळजाबाईने आपल्या सुपाची हिरवी चिंधी ओळखली.

“हे कुणी केलं रे पुंजाराम?”

“साहेबांनी सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“सुपं काढ म्हणले.”

पुंजारामने भिंतीचे काही सांगितले नाही, कारण त्याला कुणी विचारले नाही.

“आखिती झाली माय,” सोनूबाई म्हणाली आणि खाली बसली. “साल संपलं आपलं.”

“आसं कसं? हंगाम चालू हाय ना!”

“साठ पोते पडून राह्यले आतमंदी. ते कोन निवडनार?”

“दुसऱ्या आनल्या असतीन.”

दुर्गाबाईने गठ्ठे मोजले. मग गठ्ठ्यांतली सुपे मोजली. “बेचाळीस,” ती म्हणाली. “चतुराबाईचं सूप यात न्हाई.”

“आन् चतुराबाई बी न्हाई.”

पंधरा वर्षांत चतुराबाई कधीही बायकांच्या नंतर आल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या बद्रीनाथशी बोलून सव्वाआठला पोचल्या. गेटवर बेचाळीस बायका, त्यांच्यासमोर सात गठ्ठे. काय झाले असावे हे त्यांना लगेच कळले, आणि बायकांना काय वाटले असेल हेही.

“आली बघा,” तुळजाबाई म्हणाली. “आपलं सूप आत जपून आमची भायेर काढली.”

“मी न्हाई काढली.”

“मंग पाय फुटले का सुपांला?”

चतुराबाईंनी पुंजारामला विचारले. त्याने भिंतीचे सांगितले. त्यांनी बायकांकडे वळून तेच सांगितले. “भिंतीचं काम हाय. भिंत फोडनार हायेत. धूळ लागू नाई म्हनून सुपं काढली. कुनाला काढलेलं न्हाई. उचला आपापलं, चला आत.”

हे खोटे नव्हते. चार-पाच जणींनी श्वास सोडला. दुर्गाबाई हसली. सोनूबाई उठून गठ्ठ्याची सुतळी सोडायला लागली. आणखी दोन मिनिटे अशीच गेली असती तर सगळ्या आत गेल्या असत्या आणि ट्रक वेळेवर भरला असता.

गोपिकाबाई जागची हलली नव्हती.

“भिंतीवर काय बसवून राह्यले?” तिने विचारले.

“इजेचं पॅनल.”

“कशाला?”

“मशीनीला.”

“कशाची मशीन, चतुरा?”

सुतळी सोडणारे हात थांबले.

“निवडनीची,” चतुराबाई म्हणाल्या.

“तुला कधीपासून ठाव?”

“अकरा दिस झाले.”

गोपिकाबाईने मान हलवली. पंधरा वर्षे जिच्या डब्यातली भाजी खाल्ली तिच्याकडे ती पाहत होती. “अकरा दिस माझ्याजवळ बसून जेवलीस.”

यानंतर गलका झाला. कुणी मॅनेजरला शिव्या दिल्या, कुणी मशीनला, बहुतेकींनी चतुराबाईंना. त्या उभ्या राहिल्या. आवाज थोडा कमी झाल्यावर त्यांनी आकडा सांगितला.

“सोळा जनी ठेवनार हायेत. पुढच्या हंगामापासून. सव्वीस जनींला मे संपताना सांगनार होते.”

“मे संपताना! तवा कोन घेतं कामाला?”

“म्हनून आत्ता सांगून राह्यले.”

“आत्ता न्हाई सांगितलं तू. आत्ता सापडलीस,” गोपिकाबाई म्हणाली. “नावं कुनी काढली?”

“मी.”

“वाच.”

“न्हाई.”

“का? अजून लपवायचं हाय?”

“हो,” चतुराबाई म्हणाल्या. “नावं न्हाई वाचनार.”

चंची त्यांच्या कमरेला होती. कागद तिथेच होता. हे कुणाला माहीत असते तर तो तिथल्या तिथे ओढून घेतला गेला असता. त्यांचा विचार साधा होता आणि तो त्यांनी मोठ्याने सांगितला. नावे वाचली की सोळा जणी गेटच्या आत जातील आणि सव्वीस बाहेर राहतील. मग कंपनीला कुणाशीच बोलायची गरज उरणार नाही. नावे माहीत नाहीत तोवर बेचाळीस जणी एकीकडे आहेत.

“तुमच्यातल्या कुनालाच ठाव न्हाई आपलं नाव हाय का न्हाई. ठाव नसू द्या. आसं धरून बोला की नाव नसंल.”

साडेनऊला त्रिंबकराव बाहेर आले. तोपर्यंत बायका गेटसमोर बसल्या होत्या. घोषणा नव्हत्या. गेटच्या आत ट्रक उभा होता, ड्रायव्हर टायरवर पाय ठेवून बिडी ओढत होता. कंत्राटदाराची माणसे घण घेऊन आत गेली होती आणि भिंतीवरचे ठोके बाहेर ऐकू येत होते.

“चतुराबाई, आत या.”

“हितंच बोला साहेब.”

“हे तुम्ही सांगितलंत?”

“सुपांनी सांगितलं. मी आकडा सांगितला.”

त्रिंबकरावांनी गठ्ठ्यांकडे पाहिले. आपण काय करून ठेवले ते त्यांना तेव्हाही नीटसे कळले नसावे. “मी फक्त भिंत मोकळी करायला सांगितली होती,” ते म्हणाले. मग आवाज चढवून, “आत्ताच्या आत्ता कामाला लागा. नाहीतर ठेकेदाराला फोन करतो. उद्या दहा वाजता तीस बाया इथं येतील.”

“येतीन,” चतुराबाई म्हणाल्या. “पन काळा-तांबडा दाना कळायला त्यांला पंधरा दिस लागतीन. ट्रक आज हाय.”

त्रिंबकरावांनी ट्रककडे पाहिले. ट्रक यवतमाळकडच्या डीलरचा होता आणि संध्याकाळी निघाला नाही तर डीलर दुसऱ्या कंपनीचा माल उचलणार होता. तसा त्याचा सकाळीच फोन आला होता. हे चतुराबाईंना माहीत नव्हते, पण त्रिंबकरावांना होते.

“मशीन तीन तोंडांनी माल सोडतं,” चतुराबाई पुढे म्हणाल्या. “जड, हलका आन् मधला. मधला माल हातानंच निवडावा लागतो. म्हनून तुमाला सोळा पाह्यजेत. मी बघून आले. मशीनीला वजन कळतं, रंग कळत न्हाई.”

“बरोबर आहे. मग?”

“सोळा जनी रोज नका घेऊ. बेचाळिसांच्या तीन तुकड्या करा. चवदा-चवदा. एका तुकडीला हप्त्यातून दोन दिस. काम तेवढंच होईल, कुनाचं सूप घरी जानार न्हाई.”

हे त्यांनी बायकांनाही पहिल्यांदाच सांगितले होते. बद्रीनाथकडून येताना, प्लॅंटपर्यंतच्या रस्त्यात, त्यांनी हा हिशेब केला होता. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. सहा दिवसांवरून दोन दिवस. सव्वीस जणींना शून्यापेक्षा दोन बरे होते. पण आपण त्या सव्वीसांत आहोत की सोळांत, हे माहीत नव्हते.

गोपिकाबाई उभी राहिली. “मी दोघींचं काम करते. सगळ्यांला ठाव हाय. मला दोन दिस का म्हनून?”

“बराबर हाय तिचं,” मागून एक आवाज आला.

“तुझं नाव असंलच कशावरून?” सोनूबाई म्हणाली. “मैतरीन हायेस म्हनून?”

“हातावर असंल माझं नाव. मैतरकीवर न्हाई.”

“मंग आमी काय हात घरी ठेवून येतो का?”

“तुला तांबडा दाना दिसत न्हाई, सोनूबाई. म्या उचलते तुझ्या सुपातला.”

सोनूबाईने तोंड फिरवले. हे सगळ्यांना माहीत होते. पण कुणी कधी बोलले नव्हते.

गोपिकाबाई चतुराबाईंकडे वळली. “नाव वाच. माझं नसंल तर मी गुमान घरी जाते. असंल तर मला माझे सहा दिस दे.”

चतुराबाईंना उत्तर माहीत होते. कागदावरचे पहिलेच नाव होते ते. “वाचनार न्हाई,” त्या म्हणाल्या. “हात वर करा. तुकड्या पाह्यजेत त्यांनी.”

एकोणतीस हात वर झाले. नऊ जणी नको म्हणाल्या. चौघींनी काहीच केले नाही. गोपिकाबाई नऊ जणींत होती.

त्रिंबकराव ऑफिसात गेले आणि शेठशी फोनवर वीस मिनिटे बोलले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. एका हंगामापुरते मान्य, ते म्हणाले. चौदा जणींनी सोळांचे काम उरकायचे. चतुराबाईंनी ते कागदावर मागितले. त्रिंबकराव म्हणाले, माझा शब्द आहे. त्या म्हणाल्या, शब्द भिंतीवर टांगता येत नाही. शेवटी त्यांनी कंपनीच्या कागदावर तीन ओळी लिहिल्या, सही-शिक्का केला आणि कागद नोटीस बोर्डावर लावला. ज्यांना वाचता येत होते त्यांनी इतरांना वाचून दाखवला. सव्वाबाराला बायका आत गेल्या. ट्रक रात्री साडेनऊला निघाला.

“यादी?” जाताना त्रिंबकरावांनी विचारले.

“झालीच न्हाई साहेब.”

तो कागद त्यांनी घरी जाऊन चुलीत घातला.

फेब्रुवारी १९९७ मध्ये मशीन सुरू झाले. बेचाळीसपैकी सदतीस जणी आल्या. उरलेल्या पाच जणींनी दिवाळीनंतर दुसरीकडे काम धरले होते. एप्रिलमध्येच कळल्यामुळे त्यांना ते धरता आले, असे त्यांच्यातल्या दोघींनी नंतर सांगितले. सोमवार-मंगळवारची तुकडी लिहिता-वाचता येणाऱ्या आशाबाईच्या रांगेची, बुधवार-गुरुवारची गोपिकाबाईच्या, शुक्रवार-शनिवारची सोनूबाईच्या. मुकादम सहाही दिवस एकच, चतुराबाई.

गोपिकाबाई पहिले दोन आठवडे आली. चतुराबाईंशी कामापुरते बोलली. डबा वेगळा सोडला. तिसऱ्या बुधवारी आली नाही, गुरुवारीही नाही. शुक्रवारी काम सुटल्यावर चतुराबाई तिच्या घरी गेल्या. गोपिकाबाई ओट्यावर ज्वारी चाळत होती. तिने बसायला पोते टाकले.

“बरं न्हाई का?”

“बरं हाय. जिनिंगला चालले सोमवारपासून. सहा दिस देतेत.”

“हजेरी कमी हाय तिकडं. आन् कापसाच्या धुळीनं खोकला लागतो.”

“घरात पाच मान्सं हायेत. दोन दिसांत भागत न्हाई.”

तिने चाळणीतले खडे बाजूला काढले. “एक विचारते,” गोपिकाबाई म्हणाली. “खरं सांग. त्या कागदावर माझं नाव होतं का?”

“कागद जाळला म्या.”

“कागदाचं न्हाई विचारलं.”

“होतं,” चतुराबाई म्हणाल्या. “पहिलं.”

“म्हंजे तू नाव वाचलं असतंस तर मी आज सहा दिस जात असते.”

“हो.”

“सव्वीस जनींसाठी माझे चार दिस गेले.”

“गेले.”

“बरं केलं. सोनूबाईच्या घरी चूल पेटते, ते दिसतं मला. मी काय आंधळी न्हाई.” तिने चाळणी खाली ठेवली. “आन् तुझे किती गेले, चतुरा? सगळ्यांला वाटून घ्या म्हनून तू सांगितलंस. मुकादमकी मातर न्हाई वाटली. त्या दिशी हे कुनाच्या ध्यानात न्हाई आलं. माझ्या बी न्हाई. घरी येऊन पाठ टेकल्यावर आलं.”

चतुराबाई उठल्या. पाणी घेतले नाही. घरी गेल्यावर त्यांनी रखमाजीला विचारले, आपले किती दिवसांत भागेल. रखमाजीने कारण विचारले. त्यांनी सांगितले. तो म्हणाला, “येडी हायेस का? तुझ्यामुळं ते बेचाळीस जनींचं टिकलं. येवढा तरी हक्क हाय तुझा.” हे त्यांना स्वतःलाही पटत होते. दोन दिवस त्यांनी काही केले नाही.

सोमवारी त्या त्रिंबकरावांकडे गेल्या. “तीन मुकादम करा. आशाबाई सोम-मंगळ, दुर्गाबाई बुध-गुरू. मी शुक्र-शनि.”

“हे काय नवीन काढलंत? मला रोज एक माणूस लागतो जबाबदारीला.”

“लागंल तेवढं शिकवते त्यांला. हप्ताभर बिनहजेरीची येते.”

“शेठनी कुठं सांगितलंय असं? तुम्हाला काही बोललं का कुणी?”

“बोललं.”

त्रिंबकराव खुर्चीत मागे टेकले. गेल्या वर्षभरात या बाईंनी त्यांच्याकडे ज्या ज्या गोष्टी मागितल्या होत्या, त्यांत कंपनीचा पैसा वाचवणारी ही पहिलीच होती: मुकादम तुकडीतलीच असली की चार दिवस वेगळी हजेरी द्यायची नव्हती. त्यांनी हो म्हटले.

दुर्गाबाईला लॉटचे नंबर लिहिता येत नव्हते. चतुराबाईंनी तिला आठवडाभर शून्यापासून शिकवले. आशाबाईला येत होते, पण ती रांगेत कुणाला बोलायला घाबरायची. तीही महिन्याभरात सरावली. चतुराबाईंना हप्त्यातले चार दिवस मोकळे मिळाले. त्यातले दोन दिवस त्या दुसऱ्याच्या शेतात मिरच्या तोडायला जात. मुकादम झाल्यावर दहा-अकरा वर्षांनी त्या पहिल्यांदाच रोजंदारीच्या रांगेत उभ्या राहिल्या. रांगेतल्या बायका त्यांना ओळखत होत्या. एकदोघी हसल्या. एकीने विचारले, “मुकादमीन बाई, हजेरी घ्यायला आलात का?” त्यांनी घमेले उचलले.

एका हंगामापुरते म्हणून लावलेली तुकड्यांची पद्धत त्या प्लॅंटमध्ये पाच हंगाम चालली. नोटीस बोर्डावरचा कागद दरवर्षी नव्याने लिहिला जाई, तारीख बदलून. पण ते पुढचे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये, एका मंगळवारी संध्याकाळी, चतुराबाई जिनिंगच्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. गोपिकाबाई बाहेर आली. तिच्या केसांत आणि भुवयांवर कापसाचा भुरा होता.

“मुकादमकी वाटली,” चतुराबाई म्हणाल्या. “मला बी दोनच दिस.”

“ऐकलं.”

“आता ये.”

गोपिकाबाई खोकली. पदराने तोंड पुसले. “हे तू गेटवर बोलली असतीस तर मी हात वर केला असता.”

“तवा सुचलं न्हाई.”

“सुचलं न्हाई का सुचू दिलं न्हाईस?”

“ते मला बी ठाव न्हाई.”

दोघी रस्त्याच्या कडेने चालू लागल्या. पुढे दोघींच्या वाटा वेगळ्या होत होत्या, तिथे थांबल्या.

“न्हाई यायची मी,” गोपिकाबाई म्हणाली. “हितं सहा दिस हायेत.”

“मंग तुझी जागा सोनूबाईच्या सुनेला देऊ का? बुधवारची?”

गोपिकाबाईने विचार केला. “तिला काळा-तांबडा कळतो का?”

“न्हाई अजून.”

“दे,” ती म्हणाली. “पन दाराजवळ बसव. तिथं उजेड बरा हाय.”

पुढच्या बुधवारपासून ती जागा भरली.